ठिपक्यांची रांगोळी, पायथनचे कासव आणि मसावि

ठिपका

नमस्कार. मी सांगलीजवळच्या एका तंत्रनिकेतनात संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलेला एक खेळ अजून संपलेला नाही. त्यातून निघालेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला पडद्यावर दिसते आहे, पण ते तसेच का यावे हे उमगत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

आमच्या घरी आजी रोज सकाळी दारात रांगोळी काढते. सणावाराला ठिपक्यांची मोठी रांगोळी असते आणि त्यासाठी तिच्याकडे उदबत्तीने भोके पाडलेला एक जुना कागद आहे. तो जमिनीवर ठेवायचा, वर रांगोळी पसरून हात फिरवायचा आणि अलगद उचलायचा, की खाली सारख्या अंतरावर ठिपके उमटलेले असतात. पायथन या संगणकभाषेत टर्टल नावाची सोय आहे. तिच्यात एक कासव पडद्यावर चालते आणि मागे रेघ सोडते. एका लूपच्या, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या रचनेच्या, पोटात दुसरे लूप घातले की त्या कासवाकडून आजीच्या कागदाचे काम करून घेता येते. एवढे अर्ध्या तासात झाले.

पुढे रेघ कशी न्यायची यासाठी मी एक नियम ठरवला. कासवाने ठिपक्यावर कधीही पाय न देता, ठिपक्यांच्या मधून ४५ अंशांत तिरके चालायचे. चौकटीच्या कडेला पोचले की कॅरमचा स्ट्रायकर फळीवर आपटून वळतो तसे वळायचे. आणि निघाल्या जागी निघाल्याच दिशेने परत आले की थांबायचे. आडवे ५ आणि उभे ३ ठिपके घेतले तेव्हा एकाच अखंड रेघेने सगळे ठिपके वेढले गेले, आणि मला वाटले की हे नेहमीच होणार. ४ आणि ४ घेतल्यावर मात्र रेघ पूर्ण होऊनही बरीच जागा रिकामी राहिली. ती भरायला आणखी तीन रेघा लागल्या. ६ आणि ४ घेतले तर एकूण रेघा दोन. मग १ ते १२ पर्यंतच्या सगळ्या म्हणजे १४४ जोड्या प्रोग्रामकडून तपासून घेतल्या. प्रत्येक वेळी रेघांची संख्या त्या दोन आकड्यांच्या मसाविइतकीच, म्हणजे दोघांना निःशेष भागणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येइतकीच आली. ती तशी का येते?

एक कबुली देतो. पहिले दोन दिवस माझे कासव थांबतच नव्हते. ते त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा फिरत राही आणि पंख्याचा आवाज ऐकून आई म्हणे की तो संगणक आता तरी बंद कर.

अर्धविराम

कासव का थांबत नव्हते याचा अंदाज आहे. ४५ अंशांत चालवताना आपण प्रत्येक पावलाला दोनाच्या वर्गमुळाची लांबी दिली असणार. ते वर्गमूळ संगणकाच्या स्मृतीत पूर्ण मावत नाही. शेवटचे अंक कापले जातात, आणि शंभर पावलांनंतर कासव मूळ जागेच्या केसभर बाजूला उभे असते. डोळ्यांना ते तिथेच दिसते, पण प्रोग्रामने ‘बरोबर तेच का’ असे विचारले की उत्तर नाही असे येते. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, ०.३०००००००००००००००४ असे उत्तर मिळेल. हा धडा पुस्तकात वाचून कोणालाही पटत नाही, एकदा पंखा गरगरावा लागतो.

कासवाविषयी थोडे अवांतर. १९६७ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळच्या केंब्रिज येथे वॉली फॉयरझाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. तिच्यातील कासव काही काळाने आले, आणि सुरुवातीची कासवे पडद्यावरची नसून जमिनीवर चालणारी, पेन खाली टेकवून कागदावर रेघ ओढणारी यंत्रे होती. मुलाने स्वतः कासव होऊन दोन पावले चालून पाहावे आणि मग आज्ञा लिहावी, अशी पॅपर्ट यांची कल्पना होती. त्यामुळे जमिनीवरच्या रांगोळीपासून कासवापर्यंत आपण पोचलात, त्यात मला फारसे नवल वाटत नाही.

ठिपका

सर, अगदी तेच झाले होते. शेवटी मी कासवाला अंशांत चालवणे सोडून दिले. जागेचे दोन पूर्णांक ठेवले, प्रत्येक पावलाला त्यांत एक मिळवतो किंवा एक वजा करतो, आणि कासवाला फक्त त्या जागेवर जा म्हणतो. आता ते निमूटपणे थांबते.

सोलापूरची काकू

आजींना माझा नमस्कार सांग. परंतु तू जी काढलीस ती आपली ठिपक्यांची रांगोळी नव्हे. आपल्याकडे रेघ ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत जाते. ठिपके जोडायचे असतात. ठिपक्यांना वळसा घालत जाणारी रेघ ही दक्षिणेची रीत आहे. सोलापुरात आमच्या गल्लीत बरीच तेलुगू घरे होती. त्यांच्या दारात अशी वळशांची रांगोळी असे आणि लहानपणी मी ती कुठे सुरू झाली हे बोटाने शोधत बसे. तमिळनाडूत तिला कोलम म्हणतात. तिथल्या बायका अखंड रेघेला फार मानतात, त्यामुळे तुझ्या ‘४ आणि ४’ला चार रेघा लागल्या हे त्यांना रुचणार नाही. आजींनी ते चित्र पाहिले का?

निवृत्त मास्तर

ठिपका, तुझ्या प्रश्नाला शाळेतलेच उत्तर आहे. पाटी-पेन्सिल घेऊन बस.

आडवे म ठिपके आणि उभे न ठिपके आहेत असे धर. दोन शेजारच्या ठिपक्यांतील अंतर दोन एकक मान, आणि कडेचा ठिपका चौकटीपासून एक एकक आत ठेव. चौकट झाली २म लांब आणि २न रुंद, म्हणजे तिच्यात एक एककाची ४ × म × न लहान घरे आहेत. प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांपैकी एका कोपऱ्यावर ठिपका असतो. त्या कोपऱ्यातून जाणारा कर्ण कासवाला वर्ज्य आहे. उरला दुसरा कर्ण. म्हणजे प्रत्येक घरात कासवाला चालण्याजोगा नेमका एक कर्ण आहे आणि सगळ्या रेघा मिळून एकूण ४ × म × न पावले व्हायला हवीत.

आता एका रेघेची लांबी पाहू. आडव्या दिशेचाच विचार केला तर कासव २म जाते आणि २म परत येते. ४म पावलांनी ते त्याच जागी त्याच दिशेने असते. उभ्या दिशेत तेच ४न पावलांनी होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येण्यासाठी ४म आणि ४न यांचा लसावि (दोघांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) घ्यावा लागेल, म्हणजेच म आणि न यांच्या लसाविच्या चौपट. एकूण पावलांना एका रेघेच्या पावलांनी भाग दे. चार चारला कटतात आणि उरतो म आणि न यांचा गुणाकार भागिले त्यांचा लसावि. लसावि गुणिले मसावि बरोबर दोन संख्यांचा गुणाकार, हे तू शाळेत घोकले आहेस. उत्तर मसावि.

एक फट बुजवायची राहिली. कासव आपल्याच वाटेने उलटे फिरून आले तर प्रत्येक घर दोनदा मोजले जाईल आणि हिशेब कोसळेल. तसे व्हायला ते चौकटीच्या अगदी कोपऱ्यात शिरावे लागते. प्रत्येक जागेचे दोन आकडे, म्हणजे चौकटीच्या एका कोपऱ्यापासूनचे आडवे आणि उभे अंतर, घे. कोपऱ्याचे दोन्ही आकडे सम आहेत, म्हणून त्यांची बेरीज सम. तुझे कासव जिथून निघते तिथे बेरीज विषम आहे, आणि प्रत्येक पावलाला ती बेरीज दोनाने बदलते किंवा बदलतच नाही. विषम ती विषमच राहते, त्यामुळे कासव कोपऱ्यात कधीही सापडत नाही.

ठिपका

मास्तर, मी ६ आणि ४ घेऊन वहीवर घरे मोजली. ९६ घरे, एका रेघेची पावले ४८, रेघा दोन. लसावि-मसाविचा तो गुणाकाराचा नियम आम्ही गुणांसाठी पाठ केला होता. तो कासवाच्या पायांखाली असेल असे वाटले नव्हते.

काकू, आजीने चित्र पाहिले. तिने ‘छान आहे, पण ही कोणाची?’ असे विचारले. याचा अर्थ मला तुमचे उत्तर वाचल्यावर लागला.

तिरकी रेघ

काकूंनी कोलमचा उल्लेख केला आहे तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजशी संबंधित गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ मध्ये कोलमच्या आकृत्यांचे व्याकरण मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाक्य जसे नियमांनी वाढते तशी आकृती नियमांनी वाढवता येते, हा त्याचा गाभा आहे. दुसरे उदाहरण आफ्रिकेचे. पूर्व अंगोलातील चोक्वे लोक वाळूत बोटांच्या टोकांनी ठिपके उमटवतात आणि गोष्ट सांगता सांगता त्यांच्याभोवती न थांबता रेघ फिरवतात. या चित्रांना सोना म्हणतात. मोझांबिकमध्ये अध्यापन केलेले गणितज्ञ पाउलुस गेर्डेस यांनी त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला, आणि मास्तरांनी सांगितलेला मसाविचा नियम त्यांच्या लेखनातही आहे.

‘४ आणि ४’ला एकच रेघ हवी असेल तर युक्ती अशी. दोन शेजारच्या ठिपक्यांच्या मध्ये जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे एक छोटा आरसा उभा करायचा. रेघा एकमेकींच्या पार जाण्याऐवजी आरशावरून वळतात. त्या दोन रेघा वेगवेगळ्या असतील तर आरसा त्यांची एकच रेघ करतो. एका आरशाने संख्या फार तर एकाने कमी होते, म्हणून चार रेघांची एक करायला किमान तीन आरसे लागतात आणि जागा नीट निवडली तर तीन पुरतातही. आरसा चुकून एकाच रेघेच्या दोन भागांमध्ये पडला तर ती तुटून दोन होण्याची शक्यता असते. हे जरूर करून पाहा, बिघडवताना अधिक मजा येते.

ठिपका

तीन आरशांनी झाले. अगोदर मी आरसे नुसते यदृच्छेने पेरत होतो आणि रेघांची संख्या चारवरून तीन, तीनवरून पुन्हा चार अशी वरखाली होत होती. मग प्रत्येक रेघेला वेगळा रंग दिला आणि दोन रंग छेदतात तिथेच आरसा ठेवायचा असे ठरवले. तिसऱ्या आरशानंतर सगळे चित्र एकाच रंगाचे झाले.

मधल्या काळात मी काकूंचे म्हणणे मनावर घेऊन आपल्या रीतीची, जोडायची रांगोळी हाती घेतली आहे. नियम असा की ठिपका फक्त शेजारच्या ठिपक्याला जोडायचा, आडवा, उभा किंवा तिरका. शिवाय आजीची रांगोळी चारी बाजूंनी सारखी असते, म्हणून आठवा हिस्सा मी ठरवायचा आणि उरलेले सात हिस्से आरशांनी पुरे करायचे. ३ बाय ३ ठिपक्यांत या अटीने फक्त १६ रांगोळ्या होतात, हे मला फारच थोडे वाटले. ५ बाय ५ मध्ये जोडण्याजोग्या ७२ रेषा आहेत. आठ हिश्श्यांच्या अटीमुळे त्यांचे १२ गट पडतात, प्रत्येक गट घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून ४,०९६. आणि ७ बाय ७ ला गट होतात २४, म्हणजे रांगोळ्या १,६७,७७,२१६. एका पायरीवर एवढी उडी बसेल असे वाटले नव्हते.

४,०९६ चित्रे ६४ बाय ६४ च्या एका मोठ्या तक्त्यात छापून मी आजीपुढे ठेवली. तिने भिंग घेऊन दुपारभर पाहिली. बऱ्याच चित्रांवर तिने पेन्सिलीने काट मारली आणि कारण विचारले तर म्हणाली, ‘रेघ अशी अधांतरी सोडत नाहीत.’ म्हणजे ज्या ठिपक्याला एकच रेषा येऊन थांबते, ते चित्र तिच्या लेखी रांगोळी नाही. हा नियम दोन ओळींत लिहिता आला. ३ बाय ३ च्या १६ पैकी ५ त्याने बाद होतात. उरलेल्या ११ मधली एक कोरीच आहे. आजीने मात्र कोरीवरही काट मारली होती.

शंकासुर

रंगाचा बेरंग करायचा नाही, तरी विचारतो. जे काम आजी दहा मिनिटांत गप्पा मारत करतात त्यासाठी तुम्ही चार आठवडे आणि एक प्रिंटरची शाई खर्च केली. याचा नेमका उपयोग काय?

ठिपका

हाच प्रश्न मला तोंडी परीक्षेतही विचारला गेला होता आणि तेव्हा मी गप्प राहिलो. उपयोग अजूनही सांगता येणार नाही. आजीच्या दहा मिनिटांत काय काय चाललेले असते ते मात्र आता थोडेथोडे मोजता येते.

अर्धविराम

मला चित्रांतील रेघेबद्दल बोलायचे आहे. तुमची रेघ तारेसारखी दिसते. चिमटीतून पडणारी रांगोळी तशी नसते. हात सरळ जाताना वेगात असतो म्हणून रेघ बारीक येते, वळणावर हात मंदावतो आणि तिथे पूड जास्त पडते. रेघ ओढण्याऐवजी कासवाच्या प्रत्येक पावलाला शेदोनशे कण टाकून पाहा. कण किती दूर पडावा हे साध्या यादृच्छिक आकड्याने ठरवले तर पट्टी मारल्यासारखा सपाट पट्टा होईल. पायथनमधील गॉस हे फंक्शन वापरले तर मधोमध दाट आणि कडांना विरळ असा ढीग पडतो. वळणापाशी कणांची संख्या दुप्पट करा.

किती विस्कटायचे, हा खरा नाजूक भाग आहे. १९२४ मध्ये बुडापेस्ट येथे जन्मलेल्या आणि पुढे पॅरिसमध्ये राहिलेल्या चित्रकार व्हेरा मोल्नार यांनी १९६८ पासून संगणकावर चित्रे काढली. चौकोनात चौकोन असे शिस्तीचे चित्र घ्यायचे आणि ते कणभरच ढळू द्यायचे, हा त्यांचा आवडीचा प्रयोग होता. संगणक हाती येण्यापूर्वी काही वर्षे त्या स्वतःच नियम ठरवून, हाताने, पायरी न चुकवता चित्रे काढत असत. त्या पद्धतीला त्या काल्पनिक यंत्र म्हणत. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

सोलापूरची काकू

वळणावर पूड जास्त पडते हे नवशिक्याचे लक्षण आहे. ज्यांचा हात बसला आहे त्यांची रेघ वळणावरही तेवढीच राहते. आजींच्या रांगोळीचा फोटो काढून मोजून पाहा, मगच दुप्पट कर.

ठिपका

काकू, मोजले. मोबाईलवर वरून फोटो काढला आणि काळ्या फरशीवरचे पांढरे ठिपके प्रोग्रामने मोजले. आजीच्या रेघेत वळणावर आणि सरळ भागात मला फरक करता आला नाही. माझ्या स्वतःच्या रेघेत मात्र तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. त्यामुळे कण दुप्पट करण्याच्या जागी एक आकडा ठेवला आहे. एक दिला की आजीचा हात, दोन दिला की माझा.

शंकासुर

उपयोगाचा प्रश्न मागे घेतलेला नाही, पण चित्रे मात्र सगळी पाहिली. त्या ४,०९६ मध्ये स्वस्तिक कुठे आहे? मला सापडले नाही, आणि ते सापडणारही नाही असे वाटते. आठवा हिस्सा काढून आरशांनी पुरे करायचे म्हटले की उजवीकडे वळणाऱ्या प्रत्येक हाताला डावीकडे वळणारा हात आपोआप चिकटतो. स्वस्तिक चक्रासारखे फिरते, आरशात ते उलटे होते. आरशाची सक्ती तुम्हाला कोणी केली होती?

निवृत्त मास्तर

शंकासुरांनी बरोबर जागी बोट ठेवले आहे. आरसे काढ, फक्त पाव फेरा ठेव, म्हणजे चित्र ९० अंशांत फिरवले तरी तसेच दिसावे एवढीच अट. ७२ रेषांचे चार-चारांचे गट पडतील, म्हणजे १८ गट. मधल्या ठिपक्याभोवती फिरवल्यावर कोणतीही रेषा स्वतःवरच येऊन पडत नाही, म्हणून भागाकार निःशेष जातो.

ठिपका

आरसे काढले. आता रांगोळ्या २,६२,१४४ झाल्या आणि जुन्या ४,०९६ त्यांच्यातच आहेत. सगळ्यांचा तक्ता ५१२ बाय ५१२ चा होतो, तो छापण्याच्या फंदात पडलो नाही. त्याऐवजी स्वस्तिकाच्या रेषा प्रोग्रामला हाताने भरून दिल्या, त्यावरून त्याचा क्रमांक काढला, तेवढेच एक चित्र कणांच्या रेघेत मोठे करून छापले आणि आजीकडे नेले. तिने चष्मा पुसला, चित्र जरा लांब धरले आणि चारी हात उलटे वळले आहेत असे सांगितले.

मी वाद घातला, कारण रेषा मी स्वतः भरल्या होत्या. नंतर खोलीत येऊन पाहिले तर चूक सापडली. टर्टलमध्ये उभा अक्ष वर चढत जातो. कण टाकण्यासाठी मी चित्राची जी फाईल बनवतो तिच्यात तोच अक्ष वरून खाली मोजला जातो. म्हणजे पहिल्या आठवड्यापासून माझी प्रत्येक फाईल उलटी उमटत होती. आधीच्या ४,०९६ चित्रांपैकी प्रत्येक चित्र आरशात तसेच दिसते, म्हणून भिंगातूनही ते कोणाला कळण्यासारखे नव्हते. एक वजाबाकी घालून दुरुस्ती केली आहे. सुधारलेली फाईल रात्री चढवतो.